काळा, राखाडी आणि माझा कान

३ नोव्हेंबर, सोमवार

तिसरा राखाडी हेडफोनही मेलेला! नवा खोका, नवं सील, माझ्या हातांनी फोडलं — आणि डावी बाजू तीच. उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखी. राखाडी बनवणाऱ्या कंपनीत डावी बाजू जोडायला कुणाला बसवलंय? झोपा काढतो का तो?

काकांना दिला. (काका म्हणजे दुकानाच्या मागच्या खोलीत दुरुस्तीला बसतात ते. माझे कुणी नव्हेत. सगळ्यांचेच काका.) त्यांनी राखाडी डोक्याला लावला, डोळे मिटले, अर्धं गाणं ऐकलं, काढून ठेवला.

"दोन्ही बाजू सारख्या आहेत रे."

संपलं. चाळीस वर्षं नाकात सोल्डरचा धूर घेतला की कानावर परिणाम होतो का, हे कुणीतरी तपासायला हवं.

मालक म्हणाले, "आता हाही परत पाठवला तर कंपनी मलाच खोक्यात घालून परत पाठवेल." आणि स्वतःच हसले. मला नाही हसू आलं. हेडफोन विकतो आपण, बटाटे नाही! बटाटा एका बाजूनं दबलेला चालतो.

गाणं ऐकायला आणि गेम खेळायला एकच हेडफोन हवा असेल तर उघड्या पाठीचाच घ्यावा, हे मी दिवसातून दहा वेळा सांगतो. वाटीच्या मागे जाळी असते. आवाज आत कोंडून राहत नाही, मागून निघून जातो. म्हणून गाणं कवटीत वाजत नाही, खोलीत वाजतं. आणि गेममध्ये पाऊल वाजलं की ते जिन्याखाली की भिंतीपलीकडे, बोट दाखवून सांगता येतं. पण त्याला डावं-उजवं काटेकोर लागतं. एक बाजू मऊ पडली की शत्रू डावीकडून यायचा तो उजवीकडून आल्यासारखा वाटतो आणि तुम्ही मरता. एवढं सोपं आहे. काळ्यात ते बरोबर आहे. ऐकण्याच्या खोलीत टेबलावर आमचा जो काळा आहे तो लावला की गाणारा माणूस बरोब्बर नाकासमोर उभा. एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही. सहा महिन्यांत असा दुसरा हेडफोन ऐकलेला नाही. बाकी सगळे उजवीकडे कलंडलेले. सगळे!

४ नोव्हेंबर, मंगळवार

मालकांनी ठरवलं. पंधरा तारखेला, शनिवारी, दुकानात जाहीर तुलना. काळा विरुद्ध राखाडी. गेमला कुठला, गाण्याला कुठला, आणि खिशाला एकच परवडत असेल तर कुठला. वीसेक गिऱ्हाईकं बोलावणार. बोलणार मी! त्याआधी दुकानाच्या पानावर लेखही मीच लिहायचा. नीट झालं तर ऐकण्याची खोली कायमची माझ्याकडे. काउंटरवर उभं राहून चार्जरच्या वायरी विकणं बंद.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "छान." बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे नक्की काय करणार तू?"

"ऐकणार."

"ऐकणार," ते म्हणाले. आईकडे बघून. जसं काही मी म्हटलं, श्वास घेणार.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातून मी उठलो तेव्हा बाबांना एकच गोष्ट सांगितली होती — मला कान आहे. ते तेव्हा म्हणाले होते, "कान सगळ्यांनाच असतात. दोन-दोन." दीड वर्ष झालं. अजून ते वाक्य गिळता येत नाही. शनिवारी बोलवू का त्यांना? नको. मागच्या रांगेत बसून घड्याळ बघतील.

आणि ती येणार आहे.

समोरची. आमच्या समोर चष्म्याचं दुकान आहे, तिथे ती डोळे तपासते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांना विचारते, "ही काच बरी की ही?" जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे येते. पंधरा मिनिटं काळा, पंधरा मिनिटं राखाडी. घरी मैत्रिणींबरोबर गेम खेळते, एकटी असली की गाणी ऐकते, आणि तिला एकच घ्यायचाय. आज म्हणाली, "माझं डोकं चालेना. पंधरा तारखेला तू सांगशील तो घेते."

तू सांगशील तो!

हेडफोन तिच्या हातात देतानाच सांगून टाकायचं. बाकीचंही. ठरलं. लिहून ठेवलं म्हणजे फिरता येणार नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

तिच्या भुवईवर एक बारीक व्रण आहे. आज विचारलं. "लहानपणी दार लागलं होतं," म्हणाली. दिवसभर मला त्या दाराचा राग येतोय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

डोकं फुटायची वेळ आली आहे.

दुपारी ती आली. काळा लावला, गेम चालू केला. मी मागे उभा. दुसऱ्याच मिनिटाला मेली. परत खेळली. परत मेली. चांगली खेळते ती, उगाच मरत नाही.

"समोरच्या दारातून आला ना तो? मला डाव्या खिडकीत वाटला."

मी म्हटलं, गडबडीत होतं असं. गाणं लावून दिलं. तिनं ऐकलं. मान तिरकी केली. एखाद्या पेशंटकडे बघावं तसं हवेकडे बघितलं.

"हा डावीकडे झुकतो."

"कोण?"

"काळा. गाणारी बाई माझ्या डाव्या खांद्यावर येऊन बसलीय."

"केस मध्ये आलेत तुझे."

तिनं केस मागे बांधले. परत लावला. "आता केस बांधून बसलीय."

काका मागच्या खोलीत हसले! ऐकलं मी!

मी म्हटलं, मग राखाडीत कुठे बसते? तिनं राखाडी लावला. "इथे. समोर. स्पष्ट दिसते."

"दिसत नाही, ऐकू येते म्हण."

"बरं, ऐकू येते."

"राखाडीची डावी बाजू मेलेली आहे! मी तीन नग ऐकले. तिन्ही मेलेले."

"मग मला तिन्ही जिवंत कसे वाटले?"

इथे मी थांबायला हवं होतं. नाही थांबलो. म्हटलं, फोनबरोबर फुकट मिळालेल्या वायरी कानात कोंबून ज्यांची हयात गेली त्यांना चांगला आवाज वाकडाच वाटणार. सवय नाही म्हणून. कान तयार व्हावा लागतो. सगळ्यांचा होत नाही.

ती म्हणाली, "बरं."

हेडफोन टेबलावर ठेवला, वायर नीट गुंडाळली, गेली. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. "बरं" काय! बरंला उत्तर कसं देतात?

८ नोव्हेंबर, शनिवार

लेख लिहायला बसलो. मालक म्हणाले, दोघांचं चांगलंही लिही, वाईटही लिही, नाहीतर लोकांना वाटेल पैसे खाल्ले. ठीक आहे. खरं तेच लिहितो.

काळा हलका. दोन तास घातला तरी मान विसरते. डोक्यावर पकड घट्ट, चष्मेवाल्यांना दांडीपाशी दुखेल. (तिच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांसाठी हे वाक्य. तिला आवडेल. का आवडेल? खोडा हे वाक्य. नको, राहू दे.) ढोलकाचा खालचा ठोका पातळ, पोट भरत नाही. पण गेमला तेच बरं — स्फोटांच्या गोंगाटाखाली पावलं दबत नाहीत.

राखाडी जड. साध्या फोनवर लावला तर कुजबुजतो, सोबत आवाज वाढवायची डबी घ्यावीच लागते. पण गाद्या मखमली, कान तापत नाहीत. आणि व्हायोलिन! तारेवर गज टेकतो त्याच्या आधीचा श्वाससुद्धा येतो त्यात. हे मला मान्य करावं लागतं आणि मान्य करताना राग येतो, कारण एवढा चांगला हेडफोन एका बाजूनं मारून ठेवलाय गाढवांनी. दोन्ही पाय चांगले असते तर हा धावला असता. लंगडतोय.

दोघांच्याही जाळीतून आवाज बाहेर सांडतो. शेजारी कुणी झोपलं असेल तर घेऊ नका. बसमध्ये तर घालूच नका, सगळ्या बसला तुमची आवड कळेल.

निकाल : काळा. गेमलाही, गाण्यालाही. राखाडी कंपनीनं आधी डावं-उजवं शिकावं.

वाचून बघितलं. शेवटचं वाक्य मस्त आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. बाबा माझ्या कॉम्प्युटरवर बातम्या ऐकत बसले होते, स्पीकरवर. म्हणाले, "हे एकाच बाजूनं का बोलतंय?"

मी म्हटलं, मी तसं लावून ठेवलंय. जुना हेडफोन उजवीकडे जास्त द्यायचा म्हणून डावं वाढवलं होतं. मग दुसरा घेतला, तोही तसलाच. तेव्हापासून तसंच आहे.

"दोन्ही तसलेच?"

"सगळेच तसले असतात, बाबा. कंपन्यांना कळत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग काही न बोलता बातम्या बंद केल्या. ते गप्प बसतात ना, त्यातही मार्क कापल्यासारखे वाटतात.

१० नोव्हेंबर, सोमवार

लेख आला. संध्याकाळपर्यंत चाळीस जणांनी वाचला. तिघांनी लिहिलं "छान". एकानं लिहिलं, "आपल्या दुकानात काळा ऐकला होता. डावीकडे जास्त वाटला. दुसऱ्या शहरात भावाकडचा ऐकला, तो ठीक होता. तुमचा नग तपासा."

तुमचा नग तपासा! आमचा नग तपासायला सांगणारा हा कोण? मी तिथल्या तिथे उत्तर दिलं, "आपण कान तपासावा." मालकांनी दहा मिनिटांत ते पुसून टाकलं. वर मलाच बोलले. "गिऱ्हाइकाला असं बोलतात? हाच माणूस उद्या येऊन दोन घेईल." घेऊ दे ना! खोटं बोलणाऱ्याला मी विकतच नाही!

"मग खोली घेऊन काय करशील," मालक म्हणाले. "एकटाच बसशील आत."

११ नोव्हेंबर, मंगळवार

ती आली नाही. काचेतून दिसत होती. एका म्हाताऱ्या बाईला हात धरून खुर्चीत बसवत होती. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी मोजत होतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काकांनी घात केला.

सकाळी जरा उशिरा गेलो तर माझा काळा, टेबलावरचा, काकांच्या बाकावर! वाटीखाली मापाचा माईक लावलेला, स्क्रीनवर दोन रेघा. एक वर, एक खाली. मला कुणी विचारलं? खोलीतल्या वस्तूला हात लावायच्या आधी मला विचारायला नको?

"उजवी बाजू चार डेसिबलनं कमी आहे याची," काका म्हणाले. "कधीतरी आपटलाय. राखाडी बघ, दोन्ही रेघा एकावर एक."

मी म्हटलं, तुमचा माईक बिघडलाय.

"त्याच माईकनं मोजले दोन्ही."

मी म्हटलं, मग माईक राखाडी कंपनीचा असेल.

काका हसले नाहीत. हळूच म्हणाले, "काळा उलटा घालून बघ. डावी वाटी उजव्या कानाला. एकदाच."

घातला. म्हणजे त्यांचं तोंड बंद करायला घातला. सगळा आवाज उजवीकडे धावला! भयंकर! म्हटलं, बघा, या गाद्या मागच्या बाजूनं जाड असतात, उलटा घातला की बसतच नाहीत, आवाज गळतो. उलटा घालायला बनवलेलाच नाही. एवढंही तुम्हाला कळत नाही!

"बरं बाबा," म्हणाले. आता सगळं गावच बरं म्हणायला लागलंय मला!

मग मी म्हटलं — आणि बरं केलं म्हटलं — शनिवारी नवे सहा काळे येतायत ना? एक फोडा. हा आणि तो. दोन्ही माझ्या डोक्यावर, डोळे बांधून. सगळ्यांसमोर. निरोगी कुठला ते मी सांगतो. पाच वेळा करा, दहा वेळा करा!

मालक आतून धावत आले. त्यांना गर्दी जमणारं काहीही आवडतं. "झकास! आणि डोळे बांधायला समोरच्या मॅडमना बोलवू. त्यांचा धंदाच तो."

नको म्हणायच्या आधी ते रस्ता ओलांडून गेलेसुद्धा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ती येणार आहे. नवा शर्ट इस्त्री केला. कॉलर जळाली. इस्त्री बदलायला सांगितली तर आई म्हणते, इस्त्री ठीक आहे, तुझं लक्ष कुठे आहे? सगळ्यांना सगळं ठीकच दिसतं!

१५ नोव्हेंबर, शनिवार

लिहितोय कारण दुसरं काही केलं तर तोडफोड होईल.

बावीस जण आले होते. मी बोललो, चांगलं बोललो. जाळीचं, गाद्यांचं, पावलांचं सगळं सांगितलं. लोक माना हलवत होते. ती दाराशी उभी होती, कामावरचा पांढरा कोट घालूनच. मग मालकांनी टाळी वाजवली : आता खेळ!

काकांनी दोन्ही काळ्यांना नव्या गाद्या घातल्या होत्या, म्हणजे स्पर्शानं ओळखता येऊ नये. खाली कागदावर एक आणि दोन. तिनं माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला. मागे गाठ मारली. "घट्ट नाही ना?" एवढ्या जवळून तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. मी म्हटलं, नाही.

तिनंच हेडफोन डोक्यावर ठेवला. तिची बोटं कानाच्या वर टेकली. मला वाटलं, हरलो तरी चालेल. खरंच वाटलं असं. मूर्ख!

"हा बरा की हा?" — पेशंटला विचारते त्याच सुरात.

मला तर विचारच करावा लागला नाही. एकात माणूस नाकासमोर. दुसऱ्यात डावी बाजू मेलेली, तीच, राखाडीसारखी! पाच वेळा तिनं अदलाबदल केली. पाचही वेळा मी एका क्षणात सांगितलं. शेवटी तर ओरडून सांगितलं, "हा निरोगी! आणि हा नवा असेल तर सहाही परत पाठवा, काळा करणारेही झोपलेत आता!"

रुमाल मीच ओढून काढला.

निरोगी म्हणून मी पाच वेळा निवडला तो टेबलावरचा. आपटलेला. मेलेला म्हटला तो आजच कारखान्यातून आलेला.

मालक म्हणाले, गंमत आहे, सगळेच ऐका. रांग लागली. एकेक जण दोन्ही लावून बघतोय. एक आजोबा, एक शाळेतल्या बाई, टॅक्सी चालवणारा एक, दोन कॉलेजच्या मुली. "हा डावीकडे जातो." "हो, डावीकडे." "अरे, हा तर स्पष्टच डावीकडे." बावीसच्या बावीस! कुणीतरी म्हणालं, "परीक्षक नापास!" आणि हशा पिकला. मालकसुद्धा हसले.

ती हसली नाही. हे मला लिहायलाच पाहिजे. ती अजिबात हसली नाही. जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "पाचपैकी पाच वेळा तू एकच सांगितलंस. म्हणजे तू अंदाजानं बोलत नाहीयेस. काहीतरी आहे. आमच्याकडे एका डोळ्यानं कमी दिसणारी माणसं येतात ना, ती कधीच म्हणत नाहीत की डोळा कमी आहे. म्हणतात, तक्ता पुसट छापलाय."

आणि मी काय म्हणालो? सगळ्यांसमोर? "तू तुझ्या काचा पुस. कानातलं तुला काय कळतं!"

तिनं रुमालाची घडी घातली. काउंटरवर ठेवली. राखाडीचे पैसे मोजून दिले, खोका काखेत घेतला, आणि रस्ता ओलांडून गेली.

मला बाकीचंही सांगायचं होतं आज. बाकीचं!

१६ नोव्हेंबर, रविवार

दाराला आतून कडी. आईनं दोनदा वाजवलं. बाबांनी एकदा. बाबांनी कधीच वाजवलं नव्हतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गेलो. तोंड लपवून बसणाऱ्यातला नाही मी. पहिल्यांदा काकांना धरलं. तुम्ही कारस्थान केलंत, नवा नग आधीच बिघडवून ठेवलात, गाद्या बदलण्याच्या निमित्तानं! कबूल करा!

काकांनी सोल्डरचं यंत्र बंद केलं. चष्मा कपाळावर सरकवला. खालच्या खणातून एक वही काढली. सहा महिन्यांत मी "डावा मेलेला" म्हणून बाजूला काढलेला प्रत्येक नग त्यांनी मोजलेला. वेगवेगळ्या कंपन्यांचे. अकरा. प्रत्येकापुढे दोन आकडे, सारखे.

"मालकांना दाखवली नाही ही वही," म्हणाले. "पोराची नोकरी जायची."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"अकरा वेळा सांगितलं की रे."

मी वही फेकली. त्यांनी वाकून उचलली. त्यांचे गुडघे दुखतात. मला माहीत आहे ते दुखतात.

मालक : "तुझ्या बोलण्यावर लोक खूश होते, खोटं नाही सांगत. खोलीला कुलूप लावून ठेवतो, दुसऱ्या कुणाला देत नाही. पण कान तपासून ये. कागद आण. मग बोलू."

कागद हवा! मला! हयात कानावर काढायला निघालेल्या माणसाला कागद मागतात!

दुकानातून निघताना चष्म्याच्या दुकानातला शिपाई धावत आला. चिठ्ठी. तिचं अक्षर, तपासणीच्या कागदावर, वर छापील डोळा आणि खाली तीन ओळी : "बुधवारी साडेदहाला कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. आमच्या मॅडमच्या ओळखीचे आहेत, चांगले आहेत. यायचं तर ये."

कुणी सांगितलं होतं हिला! मी हिला चारचौघांत काचा पुसायला सांगितलं, आणि ही माझा नंबर लावते? मी आजारी आहे? मी पेशंट आहे? दया करते?

चिठ्ठी फाडली. चार तुकडे. मग पत्ता वाचायला परत जुळवावे लागले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

जाणार. ठरवलं. का जाणार तर कागद आणायला. त्यावर डॉक्टरांची सही, शिक्का, "दोन्ही कान उत्तम". त्याच्या चार प्रती काढायच्या. एक काकांच्या बाकावर, वहीवर ठेवून. एक मालकांच्या गल्ल्यावर. एक त्या "तुमचा नग तपासा"वाल्याला. एक बाबांच्या ताटाशेजारी. आणि तिला मूळ कागदच द्यायचा, हातात, काही न बोलता. मग ती माफी मागेल. मग मी म्हणेन, असू दे. मोठ्या मनानं म्हणेन.

आरशासमोर "असू दे" म्हणून बघितलं. दोनदा रागानं निघालं, तिसऱ्यांदा जमलं.

सकाळपासून सारखं वाटतंय, उजव्या कानावर तळहात दाबून बघावं. नळ सोडून, डाव्यानं फक्त. बाथरूमच्या दाराशी जाऊन आलो तीनदा. नाही बघणार. मी कशाला बघू! शंका त्यांना आहे, मला नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

डावा निम्म्यानं कमी. बहुतेक लहानपणापासूनच, डॉक्टर म्हणाले. परत येणार नाही.

बाहेर बाकावर ती होती. सुट्टी टाकून आलेली. तिच्याजवळ जाऊन बसलो, कागद दिला. तिनं वाचला, परत वाचला. मी म्हटलं, बोल काहीतरी. शिव्या घाल.

ती उठली. मला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली.

मग बोलली.